अमानत थंड ठेवावी

बदरुद्दीन बाटली उजेडाकडे धरून उभे होते आणि त्यांची मुलगी अन्वरी बाटलीमागे वर्तमानपत्र चिकटवून उभी होती. शाळेत दिवसभर शिकवून आलेल्या मुलीला घरी आल्याबरोबर चहा मिळावा, अशी बर दुबईतल्या इतर कोकणी घरांत रीत होती. या घरात तिला आधी वर्तमानपत्र धरावं लागे.

"जरा वर घे. हां, बस." बदरुद्दीन बाटलीतून एकेक अक्षर लावू लागले. "मुंबईत... पाणी... कपात."

"मथळा वाचता आला ना बावा? झालं तर मग."

"मथळा काय कुणीपण वाचेल. अग्रलेख बारीक टायपात असतो. तो वाचता आला तर माल निवळला म्हणायचं."

माल म्हणजे बीअर. आणि बीअर म्हणजे साधीसुधी नव्हे, लागर. ती थंडीत आंबवायची आणि मग आणखी थंडीत आठवडेच्या आठवडे मुरत ठेवायची. अशी वस्तू करण्यासाठी जगात बर्फाचे इतके देश पडलेले असताना पेंडलटन साहेबाने दुबई निवडली होती, आणि दुबईतही उन्हाळा. साहेबाकडे दारूचा परवाना होता, पण परवान्याची दारू अर्धा महिना सरायच्या आत संपायची. उरलेल्या अर्ध्या महिन्यात सभ्य माणसाने करायचं काय, हा प्रश्न साहेबाने विलायतेहून माल्टचे डबे, हॉप्स नावाची कडू वाळकी फुलं आणि यीस्टच्या पुड्या मागवून सोडवला. पहिला घाणा त्याने न्हाणीघरात आंबवला. तो इतका आंबट झाला की साहेबाच्या माळ्याने तो वापरून पितळी नळ उजळून काढले. दुसरा घाणा बाटल्यांत भरून दिवाणखान्यात ठेवला. जूनमधल्या एका दुपारी त्या बाटल्या एकामागून एक फुटल्या, आणि शेजारच्या बंगल्यातली मडम बंड झालं असं समजून पलंगाखाली शिरली.

बदरुद्दीन साहेबाच्याच कंपनीत कोल्ड स्टोरेजचे मेकॅनिक होते. मूळचे हर्णैचे, ससून डॉकवरच्या बर्फाच्या कारखान्यात हात काळे करून शिकलेले. हाजी होते, पाच वेळचे नमाजी होते, आणि दारूशी त्यांचा सात पिढ्यांत संबंध नव्हता. पण चुकीच्या तापमानावर चाललेली कोणतीही गोष्ट त्यांना बघवत नसे. त्या दिवशी साहेबाचा एअरकंडिशनर दुरुस्त करायला गेलेले असताना त्यांनी भिंतीवरचं थर्मामीटर पाहिलं, खालच्या काचा पाहिल्या, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साहब, इतनी गरमी में तो आदमी भी फट जायेगा."

तीच त्यांची नेमणूक.

तिसऱ्या घाण्याला साहेबाने माल्टचा डबा उघडला. ते त्याला चांगलं जमलं. पुढचं सगळं बदरुद्दीननी केलं. भंगारात काढलेला एक फ्रिज त्यांनी आणून दुरुस्त केला, त्याच्या थर्मोस्टॅटचे कान पिळून त्याला पाहिजे तेवढीच थंडी द्यायला शिकवलं. मग साहेब उन्हाळ्याच्या सुट्टीवर विलायतेला गेला आणि कंपनीने काटकसर म्हणून त्याच्या बंगल्याची वीज तोडली, तेव्हा बदरुद्दीन बीअरने भरलेला काचेचा बुधला मांडीवर घेऊन टॅक्सीत बसले आणि फ्रिजसकट सगळा संसार आपल्या घरच्या मागच्या खोलीत आणला. घरात एवढंच सांगितलं, "कंपनीचं सामान आहे." त्यांच्या बायकोने, मैमुनाबीनी, पुढे काही विचारलं नाही.

हाजी माणसाने या उद्योगाचा मनाशी मेळ कसा घातला, असं कोणी विचारू शकेल. अन्वरीने विचारलं होतं.

"मी फक्त थंडी पुरवतो," बदरुद्दीन म्हणाले होते. "थंडी हराम आहे असं कुठं लिहिलंय? दाखव."

बुधल्यातली निवळ रबरी नळीने बाटल्यांत काढायची होती. नळी तोंडाने ओढून घ्यायची असते. बदरुद्दीननी ती आधी पाण्याने भरून घेतली आणि ओठ न लावता काम उरकलं. मध्यंतरी मालाला लोण्यासारखा वास यायला लागला. असं झालं तर काही दिवस थोडी ऊब द्यावी, असं साहेबाने दिलेल्या माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं. तशी ऊब दिली, रोज वास घेऊन पाहिला, गेला. "नाकाने पिता येत नाही," त्यांनी मुलीला समजावलं. पुस्तिका इंग्रजीत होती, ती अन्वरी वाचून दाखवायची. मुंबईला राहून तिने बी.ए. केलं, पुस्तकांच्या पेट्या बोटीने दुबईला आणल्या, पण घरात तिच्या वाचनाला बसून ऐकणारा श्रोता मिळाला तो याच पुस्तिकेला.

"ते परत वाच. चवीचं," बाटली फ्रिजमध्ये आडवी ठेवत बदरुद्दीन म्हणाले. त्या सरबताच्या रिकाम्या बाटल्या होत्या, चिमट्याच्या बुचांच्या. त्यांनी त्या स्वतः उकळून घेतल्या होत्या.

"'चव स्वच्छ, हलकी, आणि शेवट कोरडा.'"

"ओल्या वस्तूचा शेवट कोरडा कसा काय?"

"इंग्रज आहेत बावा. त्यांचं हसणंसुद्धा कोरडंच असतं."

बदरुद्दीन हसले. मग फ्रिजचं दार लावून त्याला हाताने थोपटत म्हणाले, "साहेब शुक्रवारी येतोय, इन्शाल्ला. चांगली झाली तर साहेबाची कमाल. बिघडली तर माझा फ्रिज." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं? जमली असेल?"

"साहेब सांगेल की शुक्रवारी," अन्वरी म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज पढून बदरुद्दीन अंगणातल्या बाजेवर जरा पडले. मैमुनाबी चहा घेऊन गेल्या तेव्हा चहाची गरज उरली नव्हती. दुपारच्या आत दफन झालं. याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

बाकीच्या गोष्टींबद्दल मात्र बरंच आहे, कारण बाकीच्या गोष्टी लियाकतने हातात घेतल्या.

लियाकत हा बदरुद्दीनचा धाकटा भाऊ. एका शिपिंग एजंटाकडे हेड टॅली क्लार्क होता. बोटीवरून उतरलेला माल मोजायचा, फुटकं-तुटकं बाजूला काढायचं आणि 'मिळालं' म्हणायचं, हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. दुःखही तो याच पद्धतीने उतरवून घेत होता. "कबरचं ऑपरेशन कम्प्लीट," त्याने घरात येऊन वहिनींना सांगितलं. "आता कुराणखानी, शुक्रवारी तिसऱ्या दिवसाची जियारत. टेन्शन घेऊ नका, घर माझ्या चार्जमध्ये आहे."

चार्ज घेतल्यावर तो घरभर फिरला आणि मागच्या खोलीतल्या फ्रिजपाशी थांबला. शेजारच्या ताजबी तिथे मटणाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या आणि अन्वरी दारात आडवी उभी होती.

"खाला, इथे नका ठेवू. दार सारखं उघडलं तर आतलं तापेल."

"अगो, पण मटण बाहेर ठेवला तर त्याचा काय होल? बघ तर कसा उन्हाळा हाय."

"काय आहे आत?" लियाकतने विचारलं.

"बावांच्या साहेबाचं सामान आहे, चाचा. साहेब शुक्रवारी येऊन नेईल."

लियाकतने दार उघडलं. आडव्या बाटल्या ओळीने झोपलेल्या. त्याचे ओठ आपोआप हलू लागले, मोजदाद झाली. मग त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "म्हणजे परक्याची वस्तू, आपल्या ताब्यात, आणि डिलिव्हरी पेंडिंग. अन्वरी, हे सामान नाही. ही अमानत आहे."

तो शब्द घरात पडला आणि पुढचं सगळं आपसूक घडत गेलं. मय्यताच्या डोक्यावर कर्ज राहू नये आणि अमानत राहू नये, हे कोकणी जमातीत लहान पोरालाही ठाऊक असतं. याकूब मौलवींना बोलावणं गेलं. मौलवी सत्तरीचे, प्रेमळ, कानाने थोडे कमी. त्यांनी फ्रिजसमोर खुर्ची मागवली, बसले, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "अमानत जशी मिळाली तशी मालकाच्या हातात गेली पाहिजे. तोवर बदरुद्दीनच्या मानेवर बोजा."

"जशी म्हणजे कशी?" लियाकतने मुद्दा पक्का करून घेतला.

"थंड होती ना? मग थंडच."

"ऐकलंत सगळ्यांनी? कोल्ड कंडिशन!" लियाकत वळला. "ताजभाबी, मटण तुमच्या घरी न्या. आजपासून हा फ्रिज कुणी उघडायचा नाही."

आत काय आहे हे कुणी विचारलं नाही, कारण सरबताच्या बाटल्या, सोनेरी रंग आणि खोलीत रेंगाळणारा आंबूस वास यावरून तो सिरका आहे हे ताजबींनी आधीच ठरवून सगळ्यांना सांगितलं होतं. इंग्रज लोक माशावर सिरका घालतात, हे त्यांच्या भाच्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. अन्वरीने ते तसंच राहू दिलं. बाप जाऊन एक दिवस झाला होता. त्याच्या खोलीत दारू आहे, हे जाहीर करायला तो दिवस तिला योग्य वाटला नाही. शुक्रवारी साहेब येईल, बाटल्या नेईल, आणि हाजी बदरुद्दीनच्या नावाला ओरखडाही न उठता प्रकरण मिटेल, असा तिचा अंदाज होता. अंदाज चांगला होता. त्यात फक्त वीज धरलेली नव्हती.

दुबईत वीज येऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि नव्या सुनेसारखी ती अजून सारखी माहेरी जायची. गुरुवारी दुपारी, कुराणखानी चालू असताना, ती गेली. पंखे थांबले. माणसं घामाने भिजू लागली, पण हातातले कुराणाचे सिपारे खाली ठेवले नाहीत. आणि मग मागच्या खोलीत ठप्पकन आवाज झाला.

"गोळी?" कुणीतरी विचारलं.

लियाकत धावत जाऊन आला. "एक पीस फुटला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज काल कबरस्तानात होता त्याहून जास्त कापत होता. "अन्वरी, सिरका फुटतो का?"

"कंपनीचा आहे, चाचा," अन्वरी म्हणाली. "तापला तर फुटतो. बाकीच्याही फुटतील."

"मौलवीसाहेब, शॉर्ट लँडिंग झालं! एक नग कमी! आता?"

याकूब मौलवींनी सिपारा मिटून डोळ्यांना लावला. "बर्फ आणा," ते म्हणाले.

बर्फाचा कारखाना खाडीपलीकडे देऱ्याला. "यल्ला, यल्ला!" करत लियाकतने जमातीतली तरणीताठी माणसं अब्रांत, म्हणजे खाडीतल्या होड्यांत, घातली आणि थोड्या वेळाने बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळून खाडीतून परतू लागल्या. धक्क्यापासून घरापर्यंतच्या गल्लीत माणसांची रांग लागली. एकाकडून दुसऱ्याकडे लादी, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. सोन्याचे व्यापारी होते, कस्टममधले कारकून होते, खुद्द मशिदीचा कारभार पाहणारे मुतवल्ली होते. कुणाचा कुडता भिजला, कुणाच्या पायावर लादी पडली. मौलवींनी हट्टाने एक तुकडा स्वतःच्या हाताने उचलून फ्रिजमध्ये ठेवला. "मय्यताचा बोजा हलका करण्यात फार सवाब आहे," ते म्हणाले. त्या दुपारी बर दुबईतली सबंध कोकणी जमात बीअर थंड ठेवण्यासाठी घामाघूम झाली, आणि एकेकाच्या चेहऱ्यावर इबादतीचं समाधान होतं.

अन्वरी स्वयंपाकघरात गेली, ओढणीचा बोळा तोंडात घातला आणि भिंतीकडे तोंड करून हसली. खांदे गदगद हलत होते. हे सगळं ज्याला सांगावं असं एकच माणूस होतं, आणि ते कालच गेलं होतं. ताजबी मागून आल्या आणि पाठीवरून हात फिरवू लागल्या. "रड, बाय माजी, रड. मोकली हो." थोड्या वेळाने ते खरंही झालं.

वीज संध्याकाळी परत आली. बाकीच्या बाटल्या वाचल्या. लियाकतने पुन्हा मोजल्या, आणि वहिनींच्या दारापाशी जाऊन सांगितलं, "वन पीस शॉर्ट, रेस्ट ओके." मैमुनाबी नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीत होत्या, पडद्याआड. त्यांनी आतून फक्त "बरं" म्हटलं.

शुक्रवारी सकाळी जियारतीच्या फातिहासाठी सांदणं करायची होती. आता, गावाकडे सांदणांच्या पिठात माडी घालतात. दारू म्हणून घालत नाहीत, माडी म्हणून घालतात; हा फरक कोकणातल्या सगळ्या मौलवींना पिढ्यान्‌पिढ्या समजत आलेला आहे. दुबईला माड नाही, म्हणून माडी नाही. तिथल्या कोकणी बायका बेकिंग पावडर घालून सांदणं वाफवत, आणि ती वहाणेच्या तळव्यासारखी होत. ताजबींना हे दुःख आपल्या स्वतःच्या वैधव्याइतकंच जुनं होतं. त्या पहाटे त्यांनी नारळाचं दूध ठेवायचं निमित्त करून फ्रिज उघडला, आणि खालच्या कप्प्यात एक चिनी मातीची बरणी पाहिली.

"काय गो हा?"

"साका आहे, खाला. त्या बाटल्यांतलाच, तळाशी बसलेला. बावांनी पुढच्या वेळेला ठेवला होता."

ताजबींनी झाकण काढलं. आत साईसारखं दाट, पिवळसर. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. हर्णैच्या त्यांच्या माहेरच्या परसात रोज सकाळी उतरणाऱ्या मडक्याचं तोंड त्यांना दिसलं असावं. "अगो, हा तर खमीर! सिरक्याची आई! जल्ला तो बेकिंग पावडर."

"खाला, ते घालू नका."

"का? इख हाय?"

"विष नाही."

"मग? नापाक हाय?"

बी.ए.ला अन्वरीला नीतिशास्त्राचा एक पेपर होता. त्यात सांदणांवर प्रश्न आलेला नव्हता. "अमानत आहे," ती म्हणाली.

"अमानत बाटल्या. लियाकतने बरणी मोजली काय?"

लियाकतने बरणी मोजली नव्हती. ताजबींनी साका दोन पाण्यांतून धुऊन काढला, कडूपणा गेला, आणि तो पिठात कालवून टोप उन्हात ठेवला. बदरुद्दीननी थंडीत आवरून धरलेली ती वस्तू दुबईच्या उन्हात मोकाट सुटली. पीठ टोपाच्या काठावरून बाहेर आलं. सांदणं अशी फुलली, की ती पांढरी, हलकी, जाळीदार चवड पाहून दोन म्हाताऱ्यांना गावच्या आठवणीने रडू कोसळलं. मय्यतासाठी त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

जुम्म्याच्या नमाजानंतर पुरुष अंगणात बसले. फातिहा झाला. याकूब मौलवींनी एक सांदण खाल्लं, मग एक, आणि तिसरं हातात घेऊन पडद्याकडे पाहत म्हणाले, "ताजबी, असं सांदण हर्णै सोडल्यापासून खाल्लं नाही. इथे माडी मिळाली कुठे?"

"माडी कुठली मौलवीसाहेब! कंपनीचा खमीर हाय."

"माशाल्ला. कंपनी चांगली दिसते."

त्याच वेळी पेंडलटन साहेब दारात आला. विमानतळावर ड्रायव्हरने त्याला सांगितलं होतं. तो सामानही न उतरवता सरळ इकडे आला होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि कराचीत नोकरी करताना शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "बहोत अफसोस. बदरुद्दीन बहोत अच्छा आदमी था." तो खरोखरच दुःखी दिसत होता. त्याला चटईवर बसवण्यात आलं, सांदण देण्यात आलं. सांदण खाऊन तो एक क्षण विचारात पडला आणि उरलेला तुकडा त्याने नाकाशी नेला.

लियाकत या घडीची तीन दिवस वाट पाहत होता. त्याने बाटल्या ओल्या गोणपाटावर मांडून अंगणात आणल्या, साहेबासमोर ठेवल्या, आणि गळा खाकरला. "सर, युवर कार्गो. वन पीस शॉर्ट, ड्यू टु हीट. रेस्ट ऑल इन कोल्ड कंडिशन. प्लीज कन्फर्म, सबके सामने. मेरे भाई की गर्दन का बोझ उतर जायेगा."

साहेब प्रामाणिक माणूस होता. प्रामाणिक माणसं अशा वेळी फार त्रास देतात. तो बाटल्यांकडे पाहत म्हणाला, "बाहर से तो ठीक है. मगर अंदर का हाल कैसे बोलेगा?"

"तो अंदर देखिये!" लियाकत म्हणाला. वीस वर्षांत त्याने न उघडता कुठलीही पेटी पास केली नव्हती. "ग्लास आणा रे! मौलवीसाहेब, बघून घ्या."

ग्लास आला. साहेबाने चिमटा सरकवला. बूच हलकेच उसासा टाकून उघडलं. ग्लासात सोनं उतरलं आणि वर पांढरा फेस चढला. उन्हाचा एक कवडसा त्यातून आरपार जाऊन साहेबाच्या सदऱ्यावर पडला. पडद्याच्या फटीतून अन्वरी साहेबाच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याने एक घोट घेतला. मग ग्लास उजेडाकडे धरला. मग दुसरा घोट घेतला, डोळे मिटून.

"माय गॉड," तो म्हणाला. "ये तो बीअर है! सच्चा बीअर! इतना अच्छा बीअर मैंने जिंदगी में कभी नहीं बनाया!"

बाकी हिंदीत कुणाला शंका असती, तरी तो एक शब्द अंगणात सगळ्यांना कळला. मौलवींचा हात सांदणासकट तोंडापर्यंत जाता जाता थांबला. बर्फ वाहिलेल्या माणसांनी आपापल्या तळहातांकडे पाहिलं. पडद्याआड ताजबींनी सांदणांच्या टोपावर झाकण ठेवलं; मग थोडा विचार करून परत काढलं.

लियाकत पांढरा पडला. पण फुटलेल्या मालाची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्याचा त्याला वीस वर्षांचा अनुभव होता. "ऐकलंत?" तो ओरडला. "साहेब स्वतःच्या तोंडाने म्हणाले, मी बनवली! आमच्या भाईचा फक्त फ्रिज. स्टोरेज! ओन्ली स्टोरेज!"

"बरोबर आहे," मौलवी सावकाश म्हणाले. त्यांनी सांदण मांडीवरच्या रुमालावर ठेवलं. "वस्तू साहेबाची, दीन-धर्म साहेबाचा. बदरुद्दीनला काय माहीत आत काय आहे?"

"त्याला काय माहीत!"

"साधाभोळा माणूस. साहेबाने दिलं, ठेवलं."

"फ्रिजचा मिस्त्री तो. बाटलीतलं त्याला काय कळणार?"

सगळीकडून सुटकेचे सुस्कारे येऊ लागले. सांदणांचा विषय कुणी काढला नाही. हाजी बदरुद्दीन निर्दोष ठरले. त्यासाठी ते अडाणी ठरणं जरुरीचं होतं, एवढंच. साहेबाने दुसऱ्यांदा ग्लास भरला. उद्याच बाटल्या क्लबात नेतो, तिथल्या सगळ्यांना 'पेंडलटन लागर' म्हणजे काय ते दाखवतो, असं तो म्हणत होता, आणि लियाकत दर वाक्याला "येस सर, युवर लागर सर" म्हणत होता.

"अन्वरी," पडद्याआडून मैमुनाबी हळूच म्हणाल्या. "काय म्हणतो साहेब? कशी झालीय?"

अन्वरीने वळून पाहिलं. "अम्मा, तुला माहीत होतं?"

"माझा नवरा माझ्या घरात रोज संध्याकाळी बाटलीतून वर्तमानपत्र वाचायचा. मी काय आंधळी आहे? त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही." त्यांनी तसबीचा एक मणी पुढे सरकवला. "जीव लावला होता त्यात. एवढं तरी कळू दे, कशी झाली."

अन्वरी पडदा बाजूला करून अंगणात आली.

"पोरी, आत जा," लियाकत दबक्या आवाजात म्हणाला. "मॅटर क्लोज झालाय. खलास."

ती साहेबासमोर उभी राहिली आणि इंग्रजीत बोलू लागली. शाळेत वर्गाला सांगावं तसं, आवाज न चढवता. थंडी किती ठेवली ते तिने सांगितलं. नळी पाण्याने कशी भरली ते सांगितलं. लोण्याचा वास कुठल्या आठवड्यात आला, ऊब किती दिली, कधी काढून घेतली, ते सांगितलं. साहेब ऐकत गेला आणि त्याच्या हातातला ग्लास हळूहळू खाली आला. शेवटी त्याने मान डोलावली. "ट्रू," तो म्हणाला. "मी डबा उघडला."

"काय बोलली ती? काय बोलली?" मौलवी कानाला हात लावून विचारत होते.

अन्वरी त्यांच्याकडे वळली. "मी म्हटलं मौलवीसाहेब, ही साहेबाने केलेली नाही. बावांनी केली. आत काय आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक थेंब चाखला नाही, पण केली त्यांनीच."

"अन्वरी! भाईची इज्जत—"

"इज्जतीचंच बोलतेय, चाचा. अडाणी नव्हते ते. अल्लाला काय जबाब द्यायचा तो ते देतील. पण हे काम दुसऱ्याच्या नावावर नाही जाणार."

मौलवी खाली बघत होते. अन्वरीला आणखी काहीतरी बोलायचं होतं आणि ते बसलेल्यांपैकी कुणाशीच नव्हतं. मग बावांच्या रिकाम्या बाजेकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"जमलीय, बावा. फार सुंदर जमलीय."